कोकचा आकार आणि ओतकामाचा हिशेब

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, बेळगाव या पट्ट्यातील आपल्या अनेक घराण्यांचा लोखंडाशी संबंध दोन-तीन पिढ्यांचा आहे. आजोबांची पेढी भंगाराची किंवा कोकची, वडिलांचे यंत्रसामग्रीचे दुकान आणि मुलाची शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्री, असा क्रम अनेक घरांत दिसतो. व्यापाराकडून उद्योगाकडे झालेली ही वाटचाल अभिमानास्पद आहे. तथापि, पेढीवरची एक सवय या वाटचालीत आपल्याबरोबर आली आहे. माल वजनावर घ्यावा, भाव टनाचा ठरवावा आणि दोन दलालांच्या भावांतील फरक हाच खरेदीदाराचा नफा मानावा, ही ती सवय होय. धान्य, कापड, साखर यांच्या व्यापारात ती फारशी नडत नाही. बिडाच्या भट्टीत जाणाऱ्या कोकच्या बाबतीत मात्र ती फार महागात पडते. या महिन्याच्या लेखात त्याचाच हिशेब मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम भट्टी समजून घेऊ. आजकाल अनेक फाउंड्रींत विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या असल्या, तरी बीड वितळवण्याची जुनी आणि अनेक ठिकाणी आजही चालू असलेली भट्टी म्हणजे क्युपोला. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने १७०९ साली कोलब्रुकडेल येथे लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड गाळण्यात यश मिळवले आणि जॉन विल्किन्सन याने १७९४ मध्ये क्युपोला भट्टीचे पेटंट घेतले. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगराच्या निमित्ताने या भागात ओतकामाची परंपरा रुजली. पुढे तेलावर चालणारी इंजिने, पंप, मोटारींचे भाग अशी तिची शाखा-विस्ताराने वाढ झाली.

क्युपोला म्हणजे आतून अग्निरोधक विटांनी मढवलेले, उभे, गोल, पोलादी धुराडेच. तळाशी कोकचा उंच थर पेटवतात. त्याला बेड म्हणतात. त्यावर बीड, भंगार आणि थोडी चुनखडी यांचा एक थर, मग कोकचा एक थर, पुन्हा धातूचा थर, अशी चळत वरच्या दारापर्यंत रचली जाते. खालच्या बाजूस भिंतीत हवेची तोंडे असतात. ब्लोअरची हवा त्यांतून आत घुसते. बेडच्या माथ्याशी आलेला धातू वितळतो, थेंबाथेंबाने तापलेल्या कोकमधून खाली झिरपतो आणि तळाशी साठतो. जेवढा बेड जळून कमी होतो, तेवढा वरून येणारा कोकचा थर भरून काढतो. सारी मांडणी या समतोलावर उभी आहे.

इतर बहुतेक भट्ट्यांत इंधन आणि धातू वेगवेगळे असतात. क्युपोलात ते एकमेकांना चिकटून असतात. त्यामुळे कोकला येथे तीन कामे करावी लागतात. तो उष्णता देतो. वितळलेल्या लोखंडाला कार्बन पुरवतो. आणि वरच्या सर्व मालाचा भार अंगावर पेलून, आपल्या तुकड्यांमधील फटींतून हवेला वाट मोकळी ठेवतो. पहिल्या कामाचा अंदाज प्रयोगशाळेच्या दाखल्यावरून येतो, कारण त्यात राख आणि स्थिर कार्बन यांचे प्रमाण असते. तिसरे काम मात्र त्या दाखल्यात दिसत नाही. ते तुकड्याच्या आकारावर आणि मजबुतीवर अवलंबून असते.

आकाराने एवढा फरक का पडावा, हे साध्या गणिताने कळते. दहा सेंटिमीटर बाजूचा कोकचा एक चौकोनी तुकडा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. तोच तुकडा फोडून पाच सेंटिमीटरचे आठ तुकडे केले, तर वजन तेच राहते. पण एकूण क्षेत्रफळ १,२०० चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे तुकडा निम्मा झाला की वायूंना भिडणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. जळण्याची क्रिया पृष्ठभागावरच होत असल्याने लहान कोक अधिक वेगाने प्रतिक्रिया देतो.

वेगाने जळणे चांगलेच नव्हे काय, असे कोणासही वाटेल. येथेच खरी मेख आहे. हवेतील प्राणवायू कोकशी संयोग पावून प्रथम कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि भरपूर उष्णता मिळते. एक किलो कार्बन असा पूर्ण जळला, तर सुमारे ८,०८० किलोकॅलरी उष्णता हाती येते. परंतु हा वायू वर चढताना पुन्हा तापलेल्या कोकला भिडतो आणि त्यातील कार्बन घेऊन कार्बन मोनॉक्साइड बनतो. ही दुसरी क्रिया उष्णता देत नाही, उलट शोषून घेते. कार्बनचा शेवट मोनॉक्साइडमध्ये झाला, तर किलोमागे जेमतेम २,४०० किलोकॅलरी पदरात पडतात. बँकेच्या भाषेत बोलायचे तर मुद्दल तेच गुंतवले, मात्र परतावा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचा धुराड्यातून निघून गेला.

कोक बारीक असेल, तर प्राणवायू हवेच्या तोंडांजवळच, थोड्या उंचीत संपून जातो आणि ही उष्णता खाणारी क्रिया लवकर सुरू होते. भट्टीतील सर्वांत तप्त पट्टा आखूड होतो. वितळलेल्या थेंबांना त्या पट्ट्यातून कमी प्रवास घडतो, म्हणून बीड पुरेसे तापत नाही. शिवाय लहान-मोठे तुकडे आणि चुरा मिसळलेला असेल, तर मोठ्या तुकड्यांमधील फटी लहानांनी बुजतात. ब्लोअरचा दाब वाढतो. हवा मधल्या भागात न शिरता भिंतीच्या कडेने वाट काढते. मध्यभाग थंड राहतो आणि भिंतीच्या विटा मात्र झिजतात. वरच्या दाराशी मोनॉक्साइडचे प्रमाण वाढते, हा माल भरणाऱ्या कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे. त्याकडे केवळ इंधनाच्या खर्चाचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही.

मग सर्वांत मोठे ढेकूळ आणावे काय? तेही योग्य नाही. कोक फार मोठा असल्यास प्राणवायू लवकर संपत नाही, तो वरवर चढत राहतो. वितळणाऱ्या लोखंडाची गाठ मोकळ्या प्राणवायूशी पडते आणि त्यातील सिलिकॉन व मँगनीज जळून जातात. बेडही मग अधिक उंच ठेवावा लागतो. ओतकामातील जाणकार यासाठी एक ढोबळ नियम सांगतात: कोकचा तुकडा भट्टीच्या आतील व्यासाच्या सुमारे एक दशांश असावा, एक अष्टमांश ते एक द्वादशांश या मर्यादेत असला तरी चालतो. आतील व्यास ९०० मिलिमीटर असेल, तर तुकडा ९० मिलिमीटरच्या आसपास. ६०० मिलिमीटरच्या लहान भट्टीस ६० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे शेजारच्या मोठ्या कारखान्याने घेतलेला उत्तम कोक आपल्या लहान भट्टीस उत्तम ठरेलच असे नाही. आकार मोठा असण्यापेक्षा आपल्या भट्टीला जुळणारा आणि एकसारखा असणे अधिक महत्त्वाचे. धातूच्या तुकड्यांनाही असाच नियम आहे. भंगाराचा तुकडा व्यासाच्या एक तृतीयांशाहून मोठा असू नये, अन्यथा तो आडवा अडकून वरचा सारा माल लटकवून ठेवतो.

आता या साऱ्याचा ओतीव मालावर काय परिणाम होतो ते पाहू. थंड बीड साच्याच्या पातळ भागापर्यंत पोहोचण्याआधीच गोठते; कडा अपुऱ्या राहतात. दोन बाजूंनी आलेले प्रवाह एकजीव न होता मध्ये सांधा राहतो. मळी पातळ होत नाही, ती धातूपासून नीट वेगळी न होता मालातच अडकते. वायूंना निसटण्यास अवधी मिळत नाही, म्हणून पोकळ्या राहतात. पातळ कडांशी बीड पांढरे आणि कठीण होते व मशिन शॉपमध्ये हत्यारांची धार जाते. यांतील काही दोष लगेच दिसतात, काही यंत्रावर चढवल्यावर आणि काही तर गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर. पाण्याच्या दाबाखाली झिरपणारा पंपाचा सांगाडा परत येतो, ती निदान बदनामीवर निभावणारी गोष्ट. वाहनाच्या ब्रेक ड्रममध्ये दडलेली पोकळी मात्र कोणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

गंधकाचाही मुद्दा आहे. कोकमधील गंधकाचा काही भाग लोखंडात उतरतो. बीड थंड येते म्हणून मिस्त्री कोक वाढवतो, कोक वाढला की गंधक वाढते. त्याचा बंदोबस्त मँगनीजने करावा लागतो. त्याचे प्रमाण गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३ टक्के असावे, असा प्रचलित हिशेब आहे. गंधक ०.१० टक्का असेल, तर मँगनीज ०.४७ टक्के हवे. म्हणजे एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूस फेरोमँगनीजच्या खर्चाने उभी राहते.

बँकेत असताना औद्योगिक वसाहतीतील खाती पाहण्याचे काम माझ्याकडे काही वर्षे होते. त्या काळातील एक प्रसंग येथे सांगण्याजोगा आहे. दोन भावांची फाउंड्री होती. थोरले खरेदी व हिशेब पाहत, धाकटे भट्टी व कामगार. विक्री घटलेली नव्हती, मागणीही होती. तरी कॅश क्रेडिटची मर्यादा महिन्याच्या प्रारंभीच संपू लागली. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार मालाचा आकडा दर महिन्यास फुगत होता. पाहणीस गेल्यावर दिसले की, त्या ‘तयार मालात’ गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या मालाचा ढीगही मोजलेला आहे. प्रथम दोष वाळूला दिला गेला, वाळू बदलली. मग तो भट्टीवरील वयस्कर मिस्त्रींकडे आला. वीस वर्षे त्याच भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या त्या माणसास रजा देण्यापर्यंत गोष्ट आली होती. मिस्त्रींचे म्हणणे एवढेच होते, “मालक, बीड गरम येत नाही. मी तरी काय करू?”

धाकट्या भावाने त्यांचा शब्द उचलून धरला. “अण्णा, मिस्त्रींना सोडण्याआधी एकदा कोकची गाडी चाळून बघूया. तुमच्यासमोरच चाळतो,” असे तो म्हणाला. थोरल्यांना ते फारसे रुचले नाही, कारण वर्षभर तो कोक त्यांनीच टनामागे स्वस्तात मिळवला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तरी त्यांनी नकार दिला नाही. जाळीवरून गाडी उतरवली, तेव्हा खाली पडलेल्या बारीक तुकड्यांचा आणि चुऱ्याचा ढीग पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यापासून खरेदी आकार ठरवून होऊ लागली. परत येणारा माल हळूहळू कमी झाला, खाते पुन्हा मर्यादेत आले आणि मिस्त्री निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. त्या घरात भावाभावांत जे अंतर पडू लागले होते, तेही तेथेच थांबले. हिशेबाच्या वहीत या गोष्टीची नोंद होत नाही, पण माझ्या मते तोच सर्वांत मोठा नफा होता.

भावातील फरक आणि खरा खर्च यांतील अंतर दाखवण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते गृहीत धरले आहेत. आपापले आकडे घालून प्रत्येकाने ही आकडेमोड करून पाहावी. एका फाउंड्रीत महिन्यास २०० टन धातू वितळतो. चाळलेला, ठरावीक आकाराचा कोक ३२,००० रुपये टन आणि मिश्र कोक ३०,००० रुपये टन आहे. चाळलेला कोक धातूच्या ११ टक्के, म्हणजे २२ टन लागतो. खरेदीदार म्हणतो, टनामागे २,००० रुपयांप्रमाणे २२ टनांवर माझे ४४,००० रुपये वाचले. परंतु मिश्र कोक २२ टनांत भागत नाही. तो १२.५ टक्के, म्हणजे २५ टन लागतो असे धरू. चाळलेल्या कोकचा खर्च ७,०४,००० रुपये. मिश्र कोकचा ७,५०,००० रुपये. बचत तर राहिली नाहीच, उलट ४६,००० रुपये अधिक गेले.

पुढे नापास मालाचा हिशेब. त्याचे प्रमाण ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेले, तर दरमहा ६ टन माल अधिक वाया जातो. ते लोखंड पुन्हा वितळवता येते हे खरे. पण त्यावर झालेला वाळू, कोअर, मजुरी, इंधन आणि मशीनिंगचा खर्च परत येत नाही. तो टनामागे २५,००० रुपये धरला, तरी १,५०,००० रुपये होतात. दोन्ही मिळून महिन्यास १,९६,००० आणि वर्षास २३,५२,००० रुपये. ही रक्कम नफा-तोटा पत्रकात एका ठिकाणी दिसत नाही. थोडी इंधनखर्चात, थोडी मजुरीत, थोडी हत्यारांत, थोडी बँकेच्या व्याजात विखुरलेली असते. म्हणूनच ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

भट्टीत सुधारणा करूनही कोक वाचवता येतो, याचे चांगले उदाहरण आपल्याच देशात आहे. ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला आणि आग्र्याच्या फाउंड्रींना कोळसा व कोक सोडणे भाग पडले. त्याच सुमारास देशभरातील लहान फाउंड्रींच्या इंधनखर्चाकडेही लक्ष वेधले गेले. ‘टेरी’ या संस्थेने परदेशी तज्ज्ञांच्या साहाय्याने १९९८ मध्ये हावडा येथे सुधारित क्युपोला उभारला. त्यात हवा एकाऐवजी दोन पातळ्यांवरून सोडली जाते. वरच्या ओळीतून आलेली हवा मोनॉक्साइडला पुन्हा जाळते आणि धुराड्यातून जाणारी उष्णता भट्टीतच राहते. तेथे धातूच्या थरांबरोबर टाकावा लागणारा कोक १३.६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. शंभर टनांमागे साडेपाच टनांहून अधिक कोकची ही बचत लक्षणीय आहे. तथापि, अशी भट्टी बांधली आणि तीत चुरा मिसळलेला कोक ओतला, तर हवेची वाट पुन्हा बुजणारच. यंत्रासाठी कर्ज काढण्यापूर्वी खरेदीची शिस्त बसवणे हे बिनभांडवली काम आहे.

ही शिस्त कशी बसवावी, याविषयी काही व्यवहार्य सूचना करतो.

१. खरेदीचा सौदा तोंडी न ठेवता लेखी करावा. त्यात केवळ भाव व राख न लिहिता आकाराची खालची व वरची मर्यादा, बारीक मालाची कमाल टक्केवारी आणि ओलाव्याची मर्यादा लिहावी. मर्यादेबाहेरच्या मालाची कपात कशी होईल, तेही आधीच ठरवावे. चांगल्या व्यापाऱ्यास याचे वाईट वाटत नाही.

२. गाडी उतरवताना कोक जाळीवरूनच उतरवावा. खाणीजवळच्या कोकभट्टीपासून किंवा बंदरापासून आपल्या आवारापर्यंत जेवढ्या वेळा माल चढतो-उतरतो, तेवढ्या वेळा तो तुटतो. म्हणून विक्रेत्याकडे चाळलेला माल आपल्याकडेही चाळावा आणि उंचावरून टाकू नये.

३. पावसाळ्यात कोक झाकून ठेवावा. वीस टनांच्या गाडीत ओलावा ५ टक्क्यांनी वाढला, तर आपण एक टन पाणी कोकच्या भावाने घेतो. शिवाय भट्टीत वजनावर टाकलेला ओला कोक प्रत्यक्षात कमी कार्बन देतो.

४. जाळीखाली पडलेला माल वेगळा विकावा. स्टॉक स्टेटमेंटमध्ये त्याची किंमत पूर्ण भावाने दाखवू नये. बँकेस दाखवलेला फुगीर आकडा आधी आपलीच दिशाभूल करतो.

५. भट्टीतून बीड काढताना त्याचे तापमान मोजून वहीत लिहावे. पाचरीच्या आकाराचा लहान नमुना ओतून, तो मोडून, टोकाशी पांढरा भाग किती आला तेही पाहावे. काही मिनिटांत होणारी ही चाचणी मोठ्या प्रयोगशाळेच्या आधी धोक्याची सूचना देते.

६. कोकच्या प्रत्येक गाडीस क्रमांक द्यावा आणि नापास मालाची नोंद त्या क्रमांकासमोर करावी. तीन महिन्यांत ही वही स्वतःच सांगेल की स्वस्त गाडी कोणती आणि महाग कोणती.

यांतील शेवटची सूचना मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या घराण्यांत हिशेब लिहिण्याची सवय पिढीजात आहे. ती भट्टीपर्यंत नेण्याचाच काय तो प्रश्न आहे. तसेच कोकचा व्यापार करणाऱ्या आपल्या बांधवांनीही यात संधी पाहावी. जो व्यापारी स्वतः चाळणी बसवून लहान भट्टीस ६० आणि मोठीस ९० मिलिमीटरचा माल वेगळा करून देईल, त्याला भावासाठी घासाघीस करावी लागणार नाही. गिऱ्हाईक दोन पैसे अधिक देऊनही त्याच्याकडेच येईल.

खरेदी पाहणाऱ्याने महिन्यातून एक दिवस भट्टीपुढे उभे राहावे आणि भट्टी पाहणाऱ्याने एक दिवस खरेदीच्या बिलांसमोर बसावे. घरातील दोन माणसांना हे जमले, तर या लेखातील बहुतेक सूचना त्यांना वेगळ्या सांगाव्या लागणार नाहीत.